ऊर्फ, तथा आणि अहो

देवादिकांना सोडलं तर आमच्या भावजींइतकी नावं असलेला दुसरा प्राणी या पृथ्वीतलावर झाला नसेल. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. मरोळच्या गावठाणात ते इनास. अंधेरीच्या पोस्टात, जिथे ते पत्रं निवडायच्या टेबलावर बसत, तिथे कागदोपत्री यशवंत. पण तिथल्याच पारशी पोस्टमास्तरांना इनास आणि यशवंत दोन्ही जिभेला जड, म्हणून त्यांचे ते इग्नेशियस. स्टेशनसमोरच्या गुजराती वाण्याचे जसवंतभाई. रत्नागिरीकडच्या एका लांबच्या काकांच्या पत्रात यशा. यातल्या कुठल्याही नावानं मागून हाक येऊ दे, भावजी वळून ‘ओ’ देणार. एकदा बाजारात कोणीतरी ‘दगडू’ म्हणून ओरडलं तेव्हाही ते वळले. मी म्हटलं, भावजी, हे काही तुमचं नाही हं. तर म्हणाले, “असू दे गं मेव्हणीबाई, बिचारा केव्हाचा ओरडतोय. कोणीतरी ओ द्यायला हवी होती.”

आता एवढी नावं आली कुठून ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस फरारी होता. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बरेच दिवस तसंच वाटत होतं. भावजींचे वडील कोकणातून मरोळला शाळामास्तर म्हणून आले, ज्या घरी खोली घेतली त्या घरच्या ख्रिस्ती मुलीशी त्यांनी लग्न केलं, आणि त्या लग्नाला दोन्हीकडचं काळं कुत्रंसुद्धा आलं नाही. ना कोकणातलं, ना गावठाणातलं. मुलगा झाला तेव्हा आईनं देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, नेऊन त्याचं नाव इनास ठेवलं. त्याच आठवड्यात वडिलांनी घरी पाळणा बांधून यशवंत ठेवलं. भांडण मुळीच झालं नाही. आई जन्मभर इनास म्हणत राहिली, वडील जन्मभर यशवंत म्हणत राहिले, आणि एकमेकांशी बोलताना दोघंही ‘तो’ म्हणत. पुढे वडील वारले. भावजी तेव्हा नुकते पोस्टात लागले होते.

भावजी आमच्या घरात आले ते पोस्टकार्डाच्या पाठोपाठ. चिपळूणला आमची आत्या होती. आपला भाऊ मुंबईत कचेरीत आहे म्हणजे सबंध मुंबई त्याला ओळखत असणार अशी तिची खात्री. तिनं एका कार्डावर पत्ता म्हणून फक्त ‘चि. अण्णास, अंधेरी’ एवढंच लिहून ते पेटीत टाकलं. दुसऱ्या कोणी ते कार्ड परत पाठवलं असतं. पण पत्ता अपुरा म्हणून पत्र परत पाठवणं हा भावजींना माणसाचा अपमान वाटे. कार्डावर मजकूर होता की गुडघ्याला रोज एरंडेल लाव आणि जिने चढू नकोस. तेवढ्या धाग्यावर भावजी कचेरी सुटल्यावर आठ दिवस अंधेरीभर लंगडणारे अण्णा शोधत फिरले. अण्णा पुष्कळ निघाले. लंगडणारे तीन निघाले. त्यातला एक पायात काटा गेल्यामुळे लंगडत होता, एक उगाच लंगडत होता, आणि तिसरे आमचे.

संध्याकाळची वेळ. अण्णा अंगणात आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. फाटकातून एक उंच, सडपातळ, खाकी सदऱ्यातला माणूस आत आला आणि नमस्कार वगैरे काही न करता म्हणाला, “एरंडेल लावता का?” अण्णा ताडकन उठले, त्यामुळे गुडघ्यात कळ आली, आणि ते कळवळून खाली बसले. भावजींचा चेहरा उजळला. कार्ड हातात देऊन ते म्हणाले, “हां, तुम्हीच ते.”

चहा घ्यायला थांबवल्यावर अण्णांनी त्यांना तो प्रश्न विचारला, जो ते दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सर्वांना विचारत: आडनाव काय आपलं? अण्णा वाईट नव्हते हो, पण समोरच्याचं आडनाव कळल्याशिवाय त्यांना चहा गिळत नसे. एकदा आडनाव हाती आलं की जात, गाव, कुलदैवत, सगळं ते मनातल्या मनात लावून टाकत आणि मग मोकळेपणानं बोलू लागत. भावजींनी शांतपणे विचारलं, वडिलांचं हवं की आईचं? अण्णा म्हणाले, आईला कुठे वेगळं आडनाव असतं? भावजी म्हणाले, माझ्या आईला आहे, आणि तिनं ते लग्नातही टाकलं नाही. मग कपातला शेवटचा घोट घेऊन म्हणाले, “मी तर म्हणतो विचारूच नका. आडवं येतं म्हणूनच त्याला आडनाव म्हणतात.” आतल्या दारात ताई उभी होती. ती फस्सकन हसली. ताई म्हणजे शाळेत शिकवणारी, गंभीर, केसांना चापूनचोपून तेल लावणारी मुलगी, तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिथेच काय ते ठरलं म्हणा ना. त्यानंतर आत्यानं व्यवस्थित पत्ता घालून पाठवलेली पत्रंसुद्धा भावजी स्वतः घेऊन येऊ लागले.

अण्णांनी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग पुन्हा नाही म्हटलं. ताई कधी वाद घालत नसे. ती नुसती पोळीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवून उठे, आणि अण्णांना ते बघवत नसे. शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर. पत्रिकेवर एकच नाव छापायचं, यशवंत. दुसरं नाव आपण आपसात काय ते जाणतो, गावाला ओरडून कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी भावजी पत्रिकेचा कच्चा खर्डा घेऊन आले. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘चि. यशवंत ऊर्फ इनास’. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “ऊर्फ? अहो, ऊर्फ दरोडेखोरांना असतं! पकडून देणाऱ्यास इनाम असं खाली लिहायचं तेवढं राहिलंय.” भावजींना ते पटलं. खरंच पटलं, त्यांनी लगेच खिशातून पेन काढून ऊर्फ खोडलं आणि वर लिहिलं, तथा. चि. यशवंत तथा इनास. अण्णा आणखी भडकले. तथा म्हणजे गोविंद तथा बापूसाहेब, नारायण तथा नानासाहेब. तथाच्या पुढे कोणीतरी भारदस्त माणूस यावा लागतो, म्हणाले. तिथे इनास काय? मग भावजींनी पेनचं टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात बोलले.

“अण्णा, वडील गेले तेव्हा घरात यशवंत म्हणणारं कोणी उरलं नाही. पोस्टात म्हणतात, पण ते हजेरीपुरतं. आता पत्रिकेवरून इनास खोडलं तर आईला वाटेल, तिनं हाक मारलेला मुलगा लग्नाला आलाच नाही. तिच्या स्वतःच्या लग्नाला कोणी आलं नव्हतं. माझ्या लग्नाला निदान मी तरी अख्खा यायला हवा ना?”

भावजी नमस्कार करून निघून गेले आणि पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे एकही पत्र आलं नाही. ताईच्या ताटात रोज तेवढाच पोळीचा तुकडा पडून राहायचा. सोळाव्या दिवशी अण्णाच म्हणाले, पत्रिका नकोच म्हणावं, रजिस्टर लग्न करा, हवं त्याला कार्ड टाका. नाव छापायला नको आणि खोडायलाही नको. अण्णांना वाटलं आपण फार मुत्सद्दीपणा केला.

पण कार्डं टाकायचं काम त्यांनी कोणाकडे दिलं? ज्याचा जन्म कार्डं हाताळण्यात गेला त्याच्याकडे. भावजींनी एकूण एक कार्ड हातानं लिहिलं, आणि प्रत्येकाला त्या त्या माणसाच्या तोंडचं नाव घातलं. वाण्याला कळवलं, जसवंतभाईचं लग्न आहे. पोस्टमास्तरांना, इग्नेशियसचं. कोकणातल्या काकांना, यशाचं. गावठाणात अर्थात इनासचं. झालं! लग्नाच्या दिवशी आमच्या अंगणात जो गोंधळ उडाला तो मी जन्मात विसरणार नाही. वाणी पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारच्याला विचारतोय की जसवंतभाई कुठे आहेत, शेजारचे कोकणातले काका म्हणतायत की जसवंत वगैरे इथे कोणी नाही, हे आमच्या यशाचं लग्न आहे. पोस्टमास्तर डगला घालून आले, दोघांचं बोलणं ऐकलं, आणि आपण चुकीच्या घरी आलो असं समजून फाटकापर्यंत परतही गेले. त्यांना मी धावत जाऊन आणलं. माझ्या आईनं तर दोन वेळा मला बाजूला घेऊन विचारलं की आणखी किती नवरदेव यायचे आहेत, लाडू कमी पडतील. आणि भावजी? ते दाराशी उभे राहून प्रत्येकाच्या हाकेला ओ देत होते. त्या दिवशी कोणी यायचं राहिलं नाही. गावठाणातून बायका आल्या, कोकणातून काका आले, आणि भावजी मोजत नव्हते, नुसते बघत होते.

रजिस्टरच्या सह्या सकाळीच झाल्या होत्या. दुपारी घरी नुसता फराळ. अण्णा सगळ्यांची जावयाशी ओळख करून देत होते, हे आमचे यशवंतराव, आणि ‘राव’वर असा काही जोर देत होते की इनासला आत शिरायला फट राहू नये. एवढ्यात चिपळूणहून आलेली आत्या, जिच्या कार्डानं हे सगळं घडवलं होतं, ती म्हणाली की विधी नाही तर नाही, पण नाव तरी घ्या. बायकांनी लगेच ताईला घेरलं. आणि मग एकेकीच्या लक्षात आलं की नाव घ्यायचं म्हणजे कुठलं? खोलीतलं बोलणं हळूहळू थांबलं. भिंतीशी भावजींच्या आई बसल्या होत्या, लाल चौकड्यांचं लुगडं, नाकात मोठी चमकी, हातात न खाल्लेला लाडू. त्यांना आम्ही सगळे मरोळच्या आय म्हणायचो. दारात अण्णा उभे. ताईनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मला वाटलं, ही आता रडणार.

ताई रडली नाही. शाळेत फळ्यासमोर उभी राहावी तशी ताठ उभी राहिली आणि म्हणाली,

“सासूबाईंचा इनास, मामंजींचा यशवंत,
दोन्ही नावांचा एकच नवरा मला आहे पसंत.”

आत्याच आधी भानावर आली. “अगं बाई, एका उखाण्यात दोन-दोन नवरे?” मग हशाचा जो स्फोट झाला त्यात पोस्टमास्तरही सापडले, त्यांना अक्षर कळलं नव्हतं तरी. मरोळच्या आयनी शेजारणीला विचारलं, काय म्हनली ती? शेजारणीनं सांगितल्यावर त्यांनी हातातला लाडू खाली ठेवला, उठून ताईजवळ आल्या, तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. अण्णा मात्र पाणी आणायला म्हणून आत निघून गेले. पाणी बाहेरच ठेवलेलं होतं.

तेवढं एकदाच. त्यानंतर ताईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. त्या काळी कोणतीच बायको घेत नसे. ताई म्हणायची, अहो. भावजींना हे अहो फार आवडलं. ते मला म्हणत, सगळ्यात सोयीचं नाव तुझ्या बहिणीनं शोधलं, मेव्हणीबाई. त्यात आई पण येते, वडील पण येतात, आणि दोघांतलं कोणी रागवत नाही.

ताई मरोळला राहायला गेली. मागे विहीर, विहिरीला लागून आंबा, पुढे ओटी. दारासमोर गावाचा क्रूस होता आणि ताईनं परसात तुळस लावली. आय दोन्हींना झेंडूची माळ घालत, एकच लांब माळ ओवून मधे तोडत. मी आणि अण्णा रविवारी जायचो. भावजी सकाळी गळ घेऊन पवईच्या तलावावर गेलेले असायचे. मासा त्यांना कधी मिळाला नाही, कारण शेजारी बसलेल्याशी गप्पा मारण्यात ते गळ विसरायचे. दुपारी परत येऊन ते आंब्याखाली पाय पसरून बसत. मग आय मागच्या दारातून हाक मारत, “इनास रं, जेवाला ये.” भावजी हलायचे नाहीत. त्या पुन्हा हाक मारत. तरी नाही. तिसऱ्या हाकेला मात्र उठून, पाय धुऊन, शहाण्यासारखे येऊन पाटावर बसत. अण्णांना याचा भयंकर राग येई. म्हणत, पत्रं आठ-आठ दिवस वणवण फिरून पोचवतो हा माणूस, आणि जेवायला एका हाकेला उठायला होत नाही? म्हाताऱ्या बाईला तीन-तीनदा ओरडायला लावतो. मी एकदा भावजींना विचारलं सुद्धा. लाजत म्हणाले, “पहिल्या हाकेला गेलो तर पुढच्या दोन ऐकायला मिळत नाहीत गं.”

अण्णा स्वतः तिथे जेवत नसत. दर रविवारी त्यांना उपास निघे. आधी सूर्याचा काढला, मग कुठल्याशा गुरूंचा, मग डॉक्टरांनी सांगितलेला. आय काही न बोलता त्यांच्यापुढे पिकलेली केळी ठेवत आणि दोघं ओटीवर बसून आपापल्या गुडघ्यांविषयी बोलत. त्या विषयावर त्यांचं एवढं जमलं की आयही एरंडेल लावू लागल्या. अशी पाचएक वर्षं गेली असतील. मग एका रविवारी आय म्हणाल्या, “व्याही, तुमचे सगले उपास देवाला पोचले. आता वरनभात खावा.” आणि अण्णा मुकाट्यानं पाटावर बसले. पण जावई त्यांचे यशवंतरावच राहिले. इनास हे नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. अडून बसलेल्या माणसाला पुढे जायला काहीतरी निमित्त लागतं, ते त्यांना मिळालं नव्हतं एवढंच.

पुढच्या थंडीत आय गेल्या. फार आजारी नव्हत्या. सकाळी क्रुसाला माळ घालून आल्या आणि ओटीवर टेकल्या त्या टेकल्याच. भावजी चार दिवसांनी कामावर गेले, बाजारात वाण्याच्या हाकेला ओ देऊ लागले, पोस्टमास्तरांच्या हाकेला ओ देऊ लागले. आम्हाला वाटलं, चला, सावरले. पण महिनाभरानं मी गेले तेव्हा ताई स्वयंपाकघरात चुलीकडे तोंड करून रडत होती. मला वाटलं भांडण झालं. ती म्हणाली, “अगं, एका हाकेला येतात. अहो, पान वाढलंय म्हटलं की लगेच उठून येतात. इतके गुणी कधी नव्हते गं ते.” मी घरी येऊन आईला हे सांगत होते तेव्हा अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. निदान मला तसं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. पानं मांडलेली, अण्णा पाटावर बसलेले, मी मीठ वाढत होते. भावजी बाहेर आंब्याखाली, पाठमोरे. ताई त्यांना बोलवायला मागच्या दाराशी गेली आणि उंबऱ्यातच थांबली. एका हातानं तिनं चौकट धरली. मग डोक्यावरचा पदर नीट केला, आणि हुबेहूब आयच्या सुरात, आयच्याच बोलीत हाक मारली, “इनास रं, जेवाला ये.”

माझ्या हातातून मिठाचं भांडं पडायचं राहिलं. नवऱ्याला नावानं हाक, तीही एकेरी, आणि बाप समोर बसलेला! बाहेर भावजींची पाठ ताठ झालेली दिसली. पण ते वळले नाहीत. ताईनं मागे वळून अण्णांकडे पाहिलं, तिचा चेहरा लालभडक झाला होता, आणि ती दारातून आत येऊ लागली.

अण्णांनी मान वर केली नाही. ताटाभोवती पाणी फिरवत म्हणाले, “आत कशाला येतेस? आणखी दोन राहिल्या. तिसऱ्या हाकेशिवाय इनास यायचा नाही.”

ताईनं दुसरी हाक मारली. ती नीट निघाली नाही. तिसरी मात्र अशी खणखणीत मारली की समोरच्या क्रुसापाशी बसलेल्या बायकांनी वळून बघितलं असेल. भावजी उठले. विहिरीवर त्या दिवशी त्यांनी पाय धुवायला नेहमीपेक्षा बराच वेळ लावला आणि तोंडही धुतलं. मग आत येऊन अण्णांच्या शेजारच्या पाटावर बसले. अण्णांनी वरणाचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं आणि आम्ही जेवायला लागलो.